आडवा र

‘अण्णा, ऱ्या असलेला एखादा शब्द सांगा की,’ प्रणिता म्हणाली.

मी परातीत डाळ निवडत बसलो होतो. समोर पाटावर शाळेचा जुना लॅपटॉप ठेवून माझी लेक मांडी घालून बसली होती. ती शाळेत संगणक शिकवायची. नेमणूक तात्पुरती होती आणि जूनमध्ये कायम करायची की नाही हे सगळं अध्यक्ष तात्यासाहेबांच्या मर्जीवर होतं. त्यामुळं त्या वर्षी आमच्या घरात तात्यासाहेबांना साधी शिंक आली तरी चौकशी व्हायची.

‘दुसऱ्या,’ मी म्हटलं. ‘शेजाऱ्याचा. शिऱ्याचा. आनि आपला घरचाच घे की. आचाऱ्यांना.’

तिनं कळा बडवल्या आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर आलं होतं, ‘आचार्यांना’.

‘हे तर आचार्य झालं की गं,’ मी म्हटलं. ‘डोक्यावर रफार चढवलास. मी आचारी हाय, आचार्य न्हवं.’

‘तेच तर दुखणं आहे,’ ती म्हणाली.

दुखणं असं होतं. शाळेला कुणीतरी जुने संगणक दिले होते. ते नेहमीच्या पद्धतीनं चालेनात, म्हणून प्रणितानं सगळ्यांवर लिनक्स बसवलं. संगणक पळायला लागले. पण ऑफिसातले सोनटक्के मराठी लिहायचे ते इंग्रजी कळांनी, जसं बोलतो तसं. र, य आणि काना दाबला की मशीन डोक्यावर रफार द्यायचं. ‘शेतकऱ्यांच्या मुलांना’ असं लिहायचं असलं की ‘शेतकर्यांच्या’ छापून यायचं. तसा एक कागद तात्यासाहेबांनी तांबड्या शाईनं खुणा करून परत पाठवला होता आणि सोनटक्क्यांनी हात वर केले होते की कीबोर्ड क्षीरसागर मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रणितानं, बसवलाय. खरं तर शिफ्ट दाबून र घेतला की अक्षराच्या कमरेला चिकटणारा आडवा र मिळायचा. पण सोनटक्के म्हणायचे, ‘मॅडम, माझी करंगळी तिथवर पोचत नाही.’

प्रणितानं सेटिंगमध्ये जाऊन मराठीच्या होत्या तेवढ्या सगळ्या मांडण्या त्यांना लावून दाखवल्या. सरकारी झाली, टंकलेखनाची झाली. त्यांच्या बोटांना एकही मानवली नाही. शेवटी तिनं ठरवलं, मांडणीची फाईलच उघडायची आणि तिच्यात आपला नियम घालायचा.

‘मांडणी म्हंजी काय?’ मी विचारलं.

‘कुठल्या कळीवर कुठलं अक्षर बसवायचं ते. आणि कशापुढं काय आलं की काय उमटायचं ते. आपण ठरवायचं, अण्णा. मशीन फक्त ऐकतं.’

हे मला लगेच कळलं. मसाल्याच्या डब्यात मीठ कुठं आणि हळद कुठं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. मी तसं बोलून दाखवलं तर ती हसली आणि म्हणाली, अगदी तसंच.

नियम तिनं झकास काढला होता. र, य आणि काना असं ओळीनं आलं की मशीननं आपण होऊन आडवा र घ्यायचा. दुसऱ्या, कर्मचाऱ्यांना, शेतकऱ्यांचा, सगळे एका फटक्यात सरळ. नुसत्या र्य ला हात लावायचा नाही, म्हणजे सूर्य आणि कार्य जागच्या जागी. ‘कार्यालय’, ‘मर्यादित’ आणि ‘पर्याय’ या शब्दांना तेवढी सूट दिली, कारण ते ऑफिसात रोज लागतात.

‘आणि आचार्यांना?’ तिनं मधेच विचारलं. ‘हा शब्द तर दोन्ही बाजूंनी खरा आहे. आता आचार्य लिहायला गेलं तरी आचारी होईल.’

‘आपल्या गावात आचार्य कुटं हाईत?’ मी परात झटकत म्हटलं. ‘आचारी मातर दर वर्साला लागतो. ऱ्हाऊ दे.’

ती हसली. फाईल जपली, बाहेर पडून पुन्हा आत आली, कळ दाबून इंग्रजीचं मराठी केलं आणि टाइप केलं. पडद्यावर आलं, ‘आचाऱ्यांना’. मी ते दोनदा वाचलं. आपल्या धंद्याचं नाव मशीननं इतकं बिनचूक लिहिलं म्हणून मला उगीचच बरं वाटलं होतं.

पुढं माघात शाळेचा वर्धापनदिन आला. जेवण माझ्याकडंच होतं, दर वर्षी असायचं. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी. सोनटक्के येऊन पानांचा आकडा सांगून गेले. प्रणिता त्या आठवड्यात परीक्षेसाठी साताऱ्याला मावशीकडं होती, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं थेट शाळेत येणार होती.

मी बाजारातून येताना शाळेच्या फाटकावर नवा फलक दिसला. सायकल थांबवून वाचला. ‘ज्यांच्या हाताखाली गावाच्या पिढ्या वाढल्या, त्या आपल्या आचाऱ्यांचा हृद्य सत्कार.’ खाली तारीख, तात्यासाहेबांचं नाव, बर्गे मुख्याध्यापकांचं नाव.

मी सायकलवरून खाली उतरलो आणि पुन्हा वाचला.

खोटं कशाला सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. या गावातली लग्नं, बारशी, दहावे-तेरावे, शाळेचं प्रत्येक स्नेहसंमेलन, सगळीकडं माझाच झारा. ज्यांना मी पंगतीत वाढलं त्यांच्या पोरांना वाढलं, आता त्यांच्याही पोरांना वाढतोय. पिढ्या माझ्या हाताखाली वाढल्या नाहीत तर कुणाच्या? उलट आजवर कुणाला सुचलं नाही याचंच मला नवल वाटलं. जेवून तृप्त झालेला माणूस हात धुतो, सुपारी घेतो आणि यजमानाचे आभार मानतो. आचारी तेव्हा मागच्या बाजूला भांडी मोजत असतो.

न्हावी म्हणाला, ‘अण्णा, सत्कार म्हनं.’ मी म्हटलं, ‘करत्यात बाबा.’ वाणी म्हणाला, गल्लीतल्या बायका म्हणाल्या. ज्यानं त्यानं फलक वाचला होता आणि फलकावर आडवा र ढळढळीत होता. शाळेतल्या कुणाला विचारावं असं मात्र मला वाटलं नाही.

लीलाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं. ती माझ्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती.

‘एकदा बर्गे सरास्नी इचारून तर या,’ ती म्हणाली. ‘त्यांनी काई सांगितलं न्हाई, सोनटक्क्यांनी सांगितलं न्हाई.’

‘सत्काराचा मानूस इचारत फिरतो व्हय? फलक लावलाय की.’

‘पोरीनं तरी सांगितलं आसतं.’

‘पोरीनंच घडवून आनलंय समदं,’ मी म्हटलं. ‘मला चकित करायचं आसंल तिला. म्हनून तर नेमकी साताऱ्याला जाऊन बसलीय.’

लीलानं कॉलरवरून इस्त्री पुन्हा एकदा फिरवली आणि ट्रंकेतून आपली हिरवी पैठणी काढली, थोरल्या भाचीच्या लग्नानंतर न नेसलेली.

मी भट्टी नारबाच्या हवाली केली. नारबा माझा जोडीदार, जिलबीचा हात माझ्याहून सरस. ‘आज तू बघ,’ मी त्याला म्हटलं. ‘मी आज पाहुना हाय.’ नारबानं कढईतून मान वर करून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाला, ‘लई भारी दिसतोयस, अण्णा. फेटा बांधू देऊ नगंस, टक्कल झाकंल.’

मंडपात पहिल्या रांगेत पांढरी चादर घातलेल्या खुर्च्या होत्या. त्यांतल्या कडेच्या खुर्चीवर मी बसलो. लीला बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, बहिणीला शेजारी घेऊन. बर्गे सर लगबगीनं जाताना माझ्यापाशी थबकले.

‘अण्णा, पानं मांडायला घेतली का?’

‘नारबा बघतोय सर. तुमी काळजी करू नगा.’

‘बरं, बरं,’ म्हणाले. माझ्या शर्टाकडं त्यांनी जरा निरखून बघितलं, पण तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारली. मला वाटलं, काय साधा माणूस आहे, अजून काही कळू देत नाही.

ईशस्तवन झालं, दीपप्रज्वलन झालं. तात्यासाहेब बोलायला उभे राहिले. एका तपस्वी माणसानं या गावाला कसं घडवलं यावर ते बोलत होते. तपस्वी हा शब्द जरा जास्त झाला असं मला वाटलं, पण भट्टीसमोर वैशाखात उभा राहणारा माणूस तपस्वीच असतो म्हणा. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाई माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘आता मी आपल्या सर्वांच्या आचार्यांना विनंती करते, की त्यांनी व्यासपीठावर येऊन सत्काराचा स्वीकार करावा.’

त्या नीट बोलल्या होत्या. रफार त्यांच्या जिभेवर स्पष्ट होता. पण कान माझे होते.

मी उठलो. शर्ट खाली ओढला, हात जोडले आणि पायऱ्या चढलो. वर एकच उंच पाठीची खुर्ची होती, तिच्या मागं फाटकावरच्यासारखाच दुसरा फलक होता, शाल आणि नारळाचं ताट घेऊन दोन मुली उभ्या होत्या. मी खुर्चीपाशी पोचलो आणि वळून लोकांकडं तोंड केलं. तेव्हा मला दिसलं, की कुणी टाळ्या वाजवत नाहीये.

व्यासपीठाच्या दुसऱ्या बाजूनं बर्गे सर एका अतिशय म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून वर आणत होते. अंगात खादीचा सदरा, हातात काठी. मी त्यांना ओळखलं. दिगंबर मोघे. शाळेचे पहिले गुरुजी, नंतर काशीला का कुठं जाऊन मोठे झालेले. लोक त्यांना आचार्य म्हणायचे. आपल्या गावात आचार्य कुठं आहेत, असं मी डाळ निवडताना म्हटलं होतं. गावात नव्हतेच, पुण्याहून आणले होते.

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग ते हसू मुलांच्या रांगांमधून पुढं सरकत आलं. माझे हात जोडलेलेच होते. ते सोडवून कुठं ठेवायचे हे मला सुचेना. गरम तेल अंगावर उडालं तर माणूस निदान ओरडतो तरी. मला तेही करता येत नव्हतं. लीलाकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि नेमकं तिकडंच बघितलं. तिनं पैठणीचा पदर तोंडापर्यंत ओढून घेतला होता. तिची बहीण मात्र हसत टाळ्या वाजवत होती, बिचारीला अजून कळलं नव्हतं.

‘हे काय चाललंय?’ तात्यासाहेबांनी विचारलं. माइक चालू होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागच्या फलकाकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ‘आचाऱ्यांचा? सोनटक्के! हे कुणी लिहिलं?’

‘मी बरोबरच टाइप केलं होतं, तात्यासाहेब,’ सोनटक्के खालून म्हणाले. ‘कीबोर्ड क्षीरसागर मॅडमनी बदललाय. ते मशीन आपल्या मनानं लिहितं.’

त्याच वेळी प्रणिता मंडपाच्या दारात उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तिनं फलक वाचला, मला वर उभं बघितलं, आणि एका क्षणात तिला सगळं कळलं. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

‘मॅडम,’ तात्यासाहेब माइकमधूनच म्हणाले, ‘वडिलांचा सत्कार करून घ्यायचा होता तर मला सांगायचं. मशीनमार्फत कशाला?’

आता मोठी माणसंही हसली. पोरीचा जून तिथं, सगळ्या गावासमोर, बुडत होता. आणि ती माझ्याकडं बघत होती. लहानपणी ती जत्रेत हरवली आणि मी तिला शोधून काढलं, तेव्हा ती अशीच बघत होती.

मी पुढं झालो आणि मोघे गुरुजींच्या पाया पडलो. लवलो तेवढ्या वेळात तोंड लपलं, हेही खरं. उठून मी माइकजवळ गेलो.

‘तात्यासाहेब, रागवू नका,’ मी म्हटलं. ‘मी वर आलो ते फलक चुकलाय हे सांगायला. आमच्या जातीचं अक्षर आमाला लगेच दिसतं. आचार्यांच्या जागी आचारी पडलाय. म्हटलं, गुर्जी खुर्चीवर बसायच्या आदी कुनाच्या तरी ध्यानात आनून द्यावं. उशीर झाला.’

‘मग पहिल्या रांगेत कशाला बसला होतात?’

‘फलक जवळनं वाचायला. नजर आता पैल्यासारखी न्हाई.’

हशा झाला. पण हा हशा वेगळा होता, सैल. तात्यासाहेबांचा चेहराही जरा सैलावला.

‘आनि चूक पोरीची न्हाई,’ मी म्हटलं. ‘तिनं मला शब्द इचारला व्हता. मी आचारी मानूस, मी आचारी सांगितला. ती म्हनत व्हती आचार्यांचं काय, तर मीच म्हटलं ऱ्हाऊ दे. मशीन माजं ऐकून बसलंय.’

एवढ्या सगळ्यात हे शेवटचं तेवढं खरं होतं.

मोघे गुरुजींना ऐकू कमी यायचं. त्यांनी बर्गे सरांना विचारलं, ‘कोण हे?’ बर्गे सर त्यांच्या कानाशी ओरडले, ‘आपले आचारी!’ गुरुजी प्रसन्न हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘वा! आज जेवायला काय आहे?’

‘जिलबी हाय, गुर्जी,’ मी म्हटलं.

मी पायऱ्या उतरलो. मधल्या वाटेनं सगळ्यांसमोरून जाण्याऐवजी कनात वर करून मागून बाहेर पडलो. नारबानं मला बघितलं. आतलं सगळं त्याला कर्ण्यातून ऐकू आलं असणार. त्यानं झारा तेवढा माझ्या हातात दिला आणि आपण पुऱ्या लाटायला बसला. आत शालीच्या टाळ्या वाजल्या तेव्हा मी इस्त्रीच्या शर्टात जिलब्या तळत होतो. शर्टावर पाकाचे डाग पडले. ते पडावेत म्हणूनच मी तो काढला नसेल.

लीला जेवायला थांबली नाही, बहिणीला घेऊन घरी गेली. प्रणिता भट्टीपाशी आली. ‘अण्णा’ एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, ‘धूर लागतोय बग डोळ्याला. तिकडं जा.’

घरी गेल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. नियमाची ओळ पुसायला निघाली होती.

‘शेतकऱ्यांनी काय घोडं मारलंय?’ मी म्हटलं. ‘त्यांची ओळ ऱ्हाऊ दे. मला काढ.’

‘तुम्हाला म्हणजे?’

‘कार्यालयाला सूट दिलीस तशी आचार्यांना दे. म्हंजी पुन्यांदा घोटाळा व्हायचा न्हाई.’

तिनं सूट दिली. मग टाइप करून बघितलं. ‘आचार्यांना’. डोक्यावर रफार, जसा पहिल्या दिवशी आला होता तसाच.

‘आता आचारी लिहायचं तर शिफ्टच दाबावं लागेल,’ ती हळू म्हणाली.

‘कोन लिवनार हाय?’ मी म्हटलं.

जूनमध्ये तात्यासाहेबांनी तिला कायम केलं. लोकही विसरले, म्हणजे मला दिसेल असं कुणी हसेना. मी मात्र शाळेत मागच्या फाटकानं जायला लागलो. कुणाच्या लग्नात पुढं बसा म्हणून आग्रह झाला तरी मी खांबाशी उभा राहायचो. आणि लीलानं ती पैठणी पुन्हा नेसली नाही. मी कधी विचारलंही नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला लीला पुऱ्या लाटायला माझ्याबरोबर आली. शाळेनं स्वयंपाकाला एक वर्ग मोकळा करून दिला होता. त्याच्या दारावर सोनटक्क्यांनी छापलेला कागद चिकटवला होता, कुणी भलतंच आत शिरू नये म्हणून. मी तो वाचला आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

‘आचार्यांची खोली’.

सोनटक्क्यांची करंगळी अजून शिफ्टपर्यंत पोचत नव्हती. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी यायच्या आत कागदाचं टोक नखानं उचकटलं. तेवढ्यात लीलानं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हाताला पिठाचा वास होता.

‘ऱ्हाऊ द्या,’ ती म्हणाली. ‘दारावर हाय, खुर्चीवर न्हवं.’

मी टोक पुन्हा दाबून बसवलं. मग आत जाऊन शर्ट खुंटीला अडकवला आणि भट्टी पेटवली.